संप करावा की करू नये? : रेल्वे-कामगारांचा बोनस आणि १९७४ चा मे महिना

सुवर्णमहोत्सवी स्मरणिका उघडली म्हणजे आपल्याला काय काय दिसते? आरंभी मान्यवरांचे शुभसंदेश, त्यानंतर अध्यक्ष-कार्यवाहांची नामावळी, गणेशोत्सवातील नाटकांची छायाचित्रे, हळदीकुंकवाचा वृत्तान्त आणि शेवटी जमाखर्च. या जमाखर्चाच्या पहिल्याच ओळीत ‘सभासद-वर्गणी’ असे दोन शब्द असतात. ही वर्गणी ज्या पगारातून आली त्या पगाराचा इतिहास मात्र अशा ग्रंथात सहसा कोणी लिहीत नाही. आमच्या मंडळाच्या संस्थापक पिढीत रेल्वेची चाकरी करणाऱ्यांचा भरणा मोठा होता. मंडळाच्या स्थापनेचा काळ आणि रेल्वेच्या त्या प्रसिद्ध संपाचा काळ हेही जवळजवळ एकच. तेव्हा या निमित्ताने आम्ही थोडे वेगळ्या वाटेने जाण्याचे ठरविले आहे. वाचकांनी ते गोड मानून घ्यावे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु त्या गाडीच्या मागोमाग मराठी माणूस किती दूरवर गेला याचा विचार आपण क्वचितच करतो. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे इटारसी ओलांडून जबलपुरास पोहोचली, पुढे बीना-झाशीकडे वळली आणि तिच्याबरोबर कोकणातला, खानदेशातला, वऱ्हाडातला माणूस पोहोचला. नागपूरकडील मंडळी बंगाल-नागपूर रेल्वेने बिलासपूर, खरगपूरपर्यंत गेली. कोणी तारमास्तर झाला, कोणी गार्ड, कोणी हिशेब-कचेरीतला कारकून, कोणी वर्कशॉपातला फिटर, तर कोणी खलाशी म्हणून भरती होऊन फायरमन आणि पुढे ड्रायव्हर झाला. क्वार्टर, पास आणि प्रॉव्हिडंट फंड ही तीन सुखे त्यांच्या पदरी पडली. गावाकडील भावकीस त्यांचा हेवा वाटे. पगार किती हे मात्र गावी गेल्यावर कोणी मोकळेपणाने सांगत नसे.

या पगारासाठी भांडण्याची रीतही जुनीच आहे. १८९९ साली जी. आय. पी. रेल्वेच्या सिग्नलर मंडळींनी, म्हणजे तारेवर बोटे चालविणाऱ्या बाबू लोकांनी, पगार, कामाचे तास आणि नोकरीच्या अटी यांसाठी संप पुकारला. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने आणि ‘मराठा’ने तो संप महिनोन्‌महिने उचलून धरला. लोकमान्यांशी ज्यांचे क्वचितच पटे ते फिरोजशहा मेहता आणि दिनशा वाच्छा यांनीही संपवाल्यांसाठी सभा भरविल्या, निधी जमविला. जहाल-मवाळांना एका बाजूस आणण्याचे श्रेय तारमास्तरांकडे जाते, ही गोष्ट आमच्या मते पाठ्यपुस्तकात असावयास हवी होती. हे तारमास्तर इंग्रजी शिकलेले, कोट घालणारे होते. त्यामुळे पांढरपेशा माणसास संप शोभत नाही, हा पुढे वारंवार ऐकू येणारा आक्षेप निदान मराठी माणसापुरता तरी त्याच वर्षी निकालात निघाला होता. परंतु आक्षेप असे एकदा निकालात निघून भागत नाही.

आता बोनसकडे वळू. १९७४ च्या भांडणाचे मूळ अनेक गोष्टींत होते, पण घराघरांत ज्या शब्दावर वाद झाला तो शब्द हाच. आणि त्याचा जन्म रेल्वेत झालेला नसून मुंबईच्या गिरणगावात झाला.

पहिल्या महायुद्धात कापडाचे भाव कडाडले, गिरण्यांना अमाप नफा झाला आणि धान्यही महागले. मालकांनी प्रथम महागाईपोटी काही टक्के वाढ दिली आणि १९१९ पासून पुढील चार वर्षे नफ्यातून एक महिन्याच्या पगाराइतका बोनस वाटला. १९२३ चा नफा घसरला तेव्हा तो देण्याचे त्यांनी नाकारले. मालकांचे म्हणणे असे की, ही आमची खुशी होती, खुशी संपली. कामगारांचे म्हणणे असे की, चार वर्षे दिलेली गोष्ट खुशीची राहत नाही, ती वहिवाट होते. जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख गिरणी-कामगार बाहेर पडले. सरकारने मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांची समिती नेमली. बोनसवर कामगारांचा कायद्याने, रूढीने वा न्यायबुद्धीने अंमलात आणता येईल असा कोणताही हक्क सिद्ध होत नाही, असा निर्णय समितीने दिला. मार्च महिन्यात उपाशी कामगार गिरण्यांत परतले. संप हरला. पण बोनस ही बक्षिसी आहे की राहून गेलेला पगार आहे, हा प्रश्न त्या संपाने जो उभा केला तो पुन्हा खाली बसला नाही.

त्यानंतर हा प्रश्न पंचवीस-सव्वीस वर्षे लवादांच्या कचेऱ्यांतून फिरत राहिला. १९५० साली मुंबईचे गिरणीमालक आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या तंट्यात कामगार अपील न्यायाधिकरणाने एक सूत्रच घालून दिले. नफ्यातून घसारा वजा करावा, यंत्रसामग्रीच्या नूतनीकरणाची तरतूद वजा करावी, भरणा झालेल्या भांडवलावर सहा टक्के परतावा वजा करावा, खेळत्या भांडवलाचेही काही द्यावे आणि मग जे उरेल त्यात कामगारांचा वाटा धरावा, असे ते सूत्र होते. हिशेब-कचेरीतील आमच्या मंडळींना यातली गंमत लागलीच कळेल. वजा करावयाच्या बाबी मालकाच्या वहीत असतात आणि उरलेली बेरीज कामगाराच्या ताटात. १९६१ मध्ये मेहेर आयोग नेमला गेला, १९६४ मध्ये त्याचा अहवाल आला आणि १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. नफा असो वा तोटा, किमान चार टक्के बोनस दिलाच पाहिजे आणि कमाल वीस टक्के, असे त्याने ठरविले. १९७२ मध्ये किमान मर्यादा ८.३३ टक्के झाली. ८.३३ म्हणजे शंभराचा बारावा भाग, अर्थात् एका महिन्याचा पगार. १९२३ साली खुंटीवर टांगलेली गोष्ट एकोणपन्नास वर्षांनी खाली आली.

येथे थोडे विषयांतर करून एका लोककथेचा समाचार घेतला पाहिजे. इंग्रजांच्या आधी पगार आठवड्याने मिळे, वर्षाचे बावन्न आठवडे म्हणजे चार-चार आठवड्यांचे तेरा महिने. इंग्रजांनी महिन्याचा पगार आणून तेरावा पगार बुडविला, आणि तोच बोनस म्हणून परत मिळतो, अशी एक कथा दर दिवाळीस सांगितली जाते. कथा गोड आहे. पण ज्या मुंबईच्या गिरण्यांत बोनसचे भांडण उभे राहिले तेथे पगार महिन्याचाच होता, आणि तोही हातात उशिरा पडे. बोनस मिळाला तो आठवडे मोजल्यामुळे मिळालेला नसून युद्धकाळातील नफ्याचे आकडे वर्तमानपत्रांत छापून आल्यामुळे आणि त्यावर लोकांनी संप केल्यामुळे मिळाला.

बोनसच्या कायद्याला एक बत्तिसावे कलम होते. हा कायदा कोणास लागू नाही याची यादी त्यात दिलेली होती, आणि सरकारी खात्यांमार्फत चालणारे उद्योग त्या यादीत होते. म्हणजे रेल्वे बाहेर. पोलादाच्या आणि यंत्रांच्या कित्येक सरकारी कारखान्यांत बोनस, किंवा त्याऐवजी काही सानुग्रह रक्कम, मिळू लागली. त्या कारखान्यांना कोळसा आणि खनिज पोहोचविणाऱ्या मालगाडीच्या ड्रायव्हरास मात्र काही नाही. कारण काय, तर कारखाना हे महामंडळ आणि रेल्वे हे खाते! अधिकाऱ्यांना हा भेद स्फटिकासारखा स्पष्ट दिसे. लोको शेडमध्ये तो समजावून सांगणे अवघड होते.

पगाराचे गाऱ्हाणे याहून जुने होते. जुलै १९५७ मध्ये भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी मिळून ‘गरजेवर आधारित किमान वेतन’ म्हणजे काय ते ठरविले. कुटुंबात खाणारी तोंडे तीन एकके धरावीत, आहार डॉक्टर ऍक्रॉइड यांच्या मापाने, दरडोई वर्षाला अठरा यार्ड कापड म्हणजे चौघांच्या कुटुंबास बहात्तर यार्ड, घरभाडे, आणि सरपण, दिवाबत्ती वगैरे किरकोळ बाबींसाठी वीस टक्के. इतका साधा हिशेब होता. त्यात वर्तमानपत्राची, औषधाची, मुलाच्या मुंजीची सोय नव्हती. तरीही सरकारने स्वतः मान्य केलेला हा हिशेब स्वतःच्याच नोकरांस लावण्याचे नाकारले. दुसऱ्या वेतन आयोगाचा अहवाल आल्यावर जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारच्या नोकरांनी पाच दिवस संप केला. वटहुकूम निघाला, धरपकड झाली आणि संप मागे घेतला गेला. १९ सप्टेंबर १९६८ रोजी एक दिवसाचा संप झाला, त्याचाही शेवट असाच. तिसरा वेतन आयोग आला. त्याने १९७३ मध्ये किमान वेतन १८५ रुपये सुचविले आणि सरकारने ते १९६ केले. अकरा रुपयांची ही उदारता बाजारात पोहोचेपर्यंत भाव तिच्या पुढे निघून गेले होते. १९७३-७४ या एका वर्षात घाऊक भाव सुमारे वीस टक्क्यांनी चढले. त्याआधी १९७२ चा महाराष्ट्रातला दुष्काळ होऊन गेला होता. परमुलखातील मराठी नोकरदाराच्या पगाराला त्या वर्षी दोन चुली होत्या. एक क्वार्टरमधली, दुसरी गावाकडची, मनीऑर्डरीवर पेटणारी.

कामाच्या तासांची हकीगत याहून विलक्षण आहे. १९४७ साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांनी रेल्वे-कामगारांच्या तासांबाबत निवाडा दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या या मराठी न्यायाधीशांनी काम बारकाईने केले यात शंका नाही. निवाड्यात नोकरांचे वर्ग होते. अतिताणाचे काम करणाऱ्यास आठवड्याला ४५ तास, सलग काम करणाऱ्यास ५४ आणि ज्याचे काम मुळातच ‘अधूनमधून’ असते त्यास ७५. आडगावच्या लहान स्टेशनावरील पॉइंट्समन किंवा फाटकवाला या तिसऱ्या वर्गात पडे, कारण दोन गाड्यांच्या मध्ये त्यास काही करावयाचे नसते असा समज. दोन गाड्यांच्या मध्ये तो झोपू मात्र शकत नसे. जागे राहणे हे काम आहे की नाही, हा खरे तर तत्त्वज्ञानाचा प्रश्न. तो रेल्वेच्या पगारपत्रकात सुटत असे. १९६९ मध्ये न्यायमूर्ती मियाभॉय यांचे न्यायाधिकरण नेमले गेले आणि पुढे तास काहीसे कमी झाले. पण इंजिनावरच्या माणसांचा प्रश्न तसाच राहिला. रात्री दोन वाजता कॉलमन वही घेऊन दाराशी येई, ड्रायव्हर सही करून डबा आणि लाइन-बॉक्स घेऊन निघे आणि परत केव्हा येईल हे त्याच्या पत्नीस तर सोडाच, कंट्रोललाही सांगता येत नसे. कोळशाच्या इंजिनाच्या तोंडाशी चौदा तास उभे राहणे ही नित्याची गोष्ट होती. ऑगस्ट १९७३ मध्ये लोको रनिंग स्टाफने, मान्यताप्राप्त संघटनांना न जुमानता, आपल्या स्वतंत्र संघटनेच्या बळावर काम बंद केले. काही दिवसांतच रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्रा यांना ड्यूटी दहा तासांवर आणण्याचे आश्वासन द्यावे लागले.

या यशाने सगळेच पालटले. मोठ्या संघटना संपाच्या सूचना देतात व मागे घेतात, जुनी धाटणी ती. १९४९ मध्ये खुद्द जयप्रकाश नारायण ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष असतानाही संपाची हाक अशीच मागे घेतली गेली होती. आणि येथे चार दिवसांत ड्रायव्हर-फायरमन जिंकून आले! १९७३ च्या अखेरीस फेडरेशनच्या अध्यक्षपदी पीटर अल्वारिस यांच्या जागी जॉर्ज फर्नांडिस निवडून आले. फर्नांडिस मंगळूरचे, पण घडले मुंबईत. टॅक्सीवाले, म्युनिसिपालिटीचे कामगार यांच्यात वाढलेले, मराठीत सभा जिंकणारे आणि १९६७ मध्ये स. का. पाटलांना पाडलेले. २७ फेब्रुवारी १९७४ रोजी दिल्लीस शंभराहून अधिक लहानमोठ्या संघटना एकत्र आल्या आणि राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन झाली. मागण्या अशा ठरल्या : रेल्वे-कामगारास औद्योगिक कामगार मानून पूर्ण हक्क द्यावेत, आठ तासांचा दिवस, कामांचे शास्त्रीय मूल्यमापन आणि तोवर सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यांच्या बरोबरीचा पगार, महागाई भत्त्याची निर्देशांकाशी सांगड, १९७१-७२ आणि १९७२-७३ या वर्षांसाठी एक महिन्याचा बोनस, नैमित्तिक कामगारांस कायम करणे, स्वस्त धान्याची दुकाने. संपाचा दिवस ठरला ८ मे.

आता वादविवादाविषयी. इतिहासाच्या पुस्तकांतून दिल्लीच्या वाटाघाटी येतात; पण खरी वाटाघाट, आमच्या समजुतीप्रमाणे, मार्च-एप्रिलच्या त्या दोन महिन्यांत वसाहतींतील ओट्यांवर आणि वर्कशॉपच्या फाटकाबाहेरील चहाच्या टपऱ्यांवर चालली होती. हे वाद आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकले आहेत. त्यांत ‘संपवाले शूर आणि न जाणारे भित्रे’ असे सरळ चित्र कधीच नव्हते.

एक बाजू म्हणे, बोनस हा नफ्यातला वाटा. रेल्वे तर तोट्यात. मग वाटा कशाचा मागता? दुसरी बाजू उत्तर देई, तोटा आहे कारण धान्य आणि कोळसा स्वस्तात वाहण्याचा हुकूम सरकारचा आहे. तो तोटा आमच्या हातून झालेला नाही. शिवाय कायद्यानेच तोट्यातल्या कारखान्यासही ८.३३ टक्के लावले आहेत. पुन्हा पहिली बाजू म्हणे, देशात दुष्काळ होऊन गेला, ऑक्टोबरपासून तेलाचे भाव चौपट झाले, अशा वेळी आगगाडी थांबली तर धान्य कोठून येईल? आपल्याच गावाकडचे लोक उपाशी मरतील. या प्रश्नास चटकन उत्तर कोणाजवळ नव्हते, आणि ते नव्हते हे आम्ही मान्य करतो. सरकारची अडचणही केवळ हट्टाची नव्हती. रेल्वेस बोनस दिला की टपाल-तार खाते मागणार, संरक्षण कारखाने मागणार, हे उघड होते.

पण पुष्कळ घरांत भांडण तत्त्वाचे नव्हते. एकाच छपराखाली हिशेब-कचेरीतले काका आणि लोको शेडमधला फायरमन पुतण्या राहत. त्यांचा संवाद आम्हांला असा सांगण्यात आला :

“अरे, पेन्शनीला माझी तीन वर्षं राहिली. नोकरीत खंड पडला तर तीस वर्षांचं पाणी होईल.”

“पण काका, तुम्ही साठ साली काय केलं होतंत?”

“गेलो होतो संपावर. पाच दिवस. म्हणूनच सांगतो.”

यावर पुतण्याने काय म्हटले ते सांगणाऱ्यास आठवत नव्हते. घरातल्या बायका मात्र तिसऱ्याच गोष्टीचा विचार करीत. क्वार्टर सोडावे लागले तर मुलांच्या परीक्षांचे काय, रेशनकार्ड कोणत्या पत्त्यावर, आणि पास बंद झाला तर नणंदेच्या लग्नाला गावी जायचे कसे? परमुलखात क्वार्टर गेले तर दुसरे छप्पर नाही. स्थानिक माणसास निदान चुलतभावाची पडवी असते. ही भीती आपल्यासारख्या दूरदेशी मराठी कुटुंबांना जितकी बोचली तितकी इतरांना बोचली नसावी. आणि सर्वांत कमी बोलत तो गँगमधला नैमित्तिक मजूर. वर्षानुवर्षे रूळ सरळ करूनही रोजंदारीवरच राहिलेल्या त्या माणसास गमावण्यासारखे पेन्शनही नव्हते. रेल्वेत अशा माणसांची संख्या काही लाखांत होती, हे बोनसच्या गलक्यात मागे पडे.

संघटनांतही एकमत नव्हते. काँग्रेसच्या इंटकशी जोडलेली नॅशनल फेडरेशन ऑफ इंडियन रेल्वेमेन ही मान्यताप्राप्त संघटना संपाबाहेर राहिली. त्यांचे नेते म्हणत, वाटाघाटीने जे मिळते ते घ्यावे. समन्वय समितीत समाजवादी होते, डांग्यांच्या आयटकचे कम्युनिस्ट होते, मार्क्सवादी होते आणि ज्यांना कोणत्याच पक्षाशी कर्तव्य नाही असे ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनमास्तरही होते. एवढी माणसे एका गाडीत बसली होती, पण प्रत्येकाचे तिकीट निराळ्या स्टेशनाचे.

वाटाघाटी संपल्या नव्हत्या. उपमंत्री महंमद शफी कुरेशी यांच्याशी बोलणी चालूच होती, आणि काही मागण्यांवर अंतर कमी झाले होते. असे असता २ मे रोजी पहाटे लखनौस फर्नांडिस यांना अटक झाली व देशभर धरपकड सुरू झाली. आमच्या मते सरकारची सर्वांत मोठी चूक ती हीच. जो माणूस एप्रिलच्या अखेरीपर्यंत ‘बघू या’ म्हणत होता त्याचा निर्णय या अटकेने करून टाकला. ८ मे रोजी संप सुरू झाला. सतरा लाखांच्या आसपास माणसे रेल्वेवर पोट भरीत होती. त्यांतले किती प्रत्यक्ष बाहेर राहिले याचे आकडे सरकारचे एक आणि समितीचे दुसरे. मुंबईच्या लोकल गाड्या बंद पडल्या, यार्डे ओस पडली. भारत संरक्षण नियम आणि ‘मिसा’ यांखाली हजारो माणसे तुरुंगात गेली, टेरिटोरियल आर्मीस इंजिनांवर चढविण्यात आले, ठिकठिकाणी वसाहतींतून कुटुंबांना बाहेर काढण्यात आले, आणि जी माणसे कामावर गेली त्यांना पगारवाढीची व मुलांना नोकरीची आश्वासने मिळाली. शेवटच्या या गोष्टीने वसाहतींचे जे नुकसान केले ते लाठीने झाले नाही. शेजारच्या दारावरून पुढे कित्येक वर्षे न बोलता जाणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या मुलांनी मात्र मंडळाच्या नाटकात एकत्र कामे केली.

१८ मे रोजी पोखरणच्या वाळवंटात अणुस्फोट झाला. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरून रेल्वे-संप त्या दिवशी आतल्या पानांत गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही. राष्ट्रपतिपदावर त्या वेळी वराहगिरी वेंकट गिरी होते. तरुणपणी बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांचे नेतृत्व केलेले हे गृहस्थ. १९५४ मध्ये बँक-कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने ढवळाढवळ केली म्हणून त्यांनी केंद्रातील श्रममंत्रिपद सोडले होते. राज्यघटनेने त्यांचे तोंड बांधलेले होते. तरी ते त्या वीस दिवसांत काय विचार करीत असतील, हे कुतूहल आम्हांस आजही वाटते.

संप लांबला तसा मागे घ्यावा की चालवावा यावर समितीत मतभेद झाले. घरांतले पिठाचे डबे संपत आले होते, पुढारी तुरुंगात होते. २७ मे रोजी निर्णय झाला आणि २८ मेच्या सकाळी सहा वाजल्यापासून संप मागे घेण्यात आला. एकही मागणी लेखी मान्य झाली नव्हती. हजारो माणसे बडतर्फ झाली, आणि कित्येकांच्या सेवापुस्तिकेत खंडाची नोंद झाली. जुलै महिन्यात तर सरकारने वटहुकूम काढून देशभरच्या नोकरदारांची नवी पगारवाढ सर्व आणि वाढीव महागाई भत्ता निम्मा सक्तीच्या ठेवीत अडकविला. पुढच्या वर्षी आणीबाणी आली व सप्टेंबर १९७५ मध्ये कायद्यातला किमान बोनस ८.३३ वरून पुन्हा चार टक्क्यांवर आला. म्हणजे ज्यांना मिळत होता त्यांचाही गेला.

१९७७ च्या सत्तांतरानंतर राजापूरचे खासदार प्राध्यापक मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्या कारकिर्दीत, म्हणून प्रवासी त्यांचे नाव काढतात. रेल्वेच्या वसाहतींत त्यांचे नाव निघते ते १९७४ च्या बडतर्फांना त्यांनी कामावर परत घेतले म्हणून. बत्तिसाव्या कलमास मात्र त्यांच्या हयातभराच्या समाजवादानेही धक्का लावता आला नाही. अखेर १९७९ मध्ये, चरणसिंगांच्या अल्पकाळच्या सरकारात, एक मधली वाट निघाली. कायद्याचा बोनस न म्हणता ‘उत्पादकतेशी निगडित बोनस’ म्हणावयाचे, नफ्याऐवजी वाहिलेल्या मालाचे आणि प्रवाशांचे माप धरावयाचे, आणि १९७९-८० या वर्षापासून तो द्यावयाचा. सरकारी खात्यांमध्ये रेल्वेचा क्रमांक यात पहिला लागला. त्यामागून टपाल-तार आले, संरक्षण कारखाने आले. १९७४ मध्ये सरकारला ज्याची भीती होती ते सर्व झाले, आणि खजिना बुडाला नाही. अलीकडच्या काही वर्षांत ही रक्कम अठ्ठ्याहत्तर दिवसांच्या वेतनाइतकी जाहीर होत आली. पण तिचा हिशेब महिना सात हजार रुपये धरून होत असल्यामुळे वरची मर्यादा १७,९५१ रुपये राहिली. सामान्यतः दसऱ्यापूर्वी घोषणा होई आणि आमच्या मंडळाच्या कोजागिरीची वर्गणी त्यानंतर गोळा करण्याचा प्रघात पडला.

ज्या काकांची तीन वर्षे राहिली होती, ते १९७७ मध्ये निवृत्त झाले. बोनस १९७९-८० पासून लागू झाला. त्यांच्यासारखे जे कोणी मधल्या पाच वर्षांत निवृत्त झाले, संपावर गेलेले आणि न गेलेलेही, त्यांना तो एकदाही मिळाला नाही.